गटारीला बसण्याआधी चाव्या कुठे ठेवायच्या?

आषाढ अमावास्या जवळ आली की आमच्या ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, मटण किती किलो सांगायचं? घरी कोण कोणाला सोडणार, हे कोणी विचारत नाही. ते निघतं रात्री साडेबाराला, अंगणात गाड्या सुरू होताना. तेव्हा जो तो म्हणतो, "मला काही झालेलं नाही." गेली काही वर्षं मंडळी माझ्याच घरी बसतात, त्यामुळे यजमान म्हणून जे जमलं ते सांगतो.

१. चालवणारा आदल्या दिवशी ठरवा

"जो कमी घेईल तो चालवेल" असलं काही ठरवू नका. कमी म्हणजे किती, हे प्यायलेल्यांनीच ठरवायचं असतं. एक थेंबही न घेणारा माणूस हवा. त्याचा वर्गणीत वाटा धरू नका आणि नळी त्याच्या ताटात आधी वाढा, नाहीतर पुढच्या वर्षी कोणी तयार होत नाही. असा कोणी नसेल तर ओळखीच्या रिक्षावाल्याला संध्याकाळीच सांगून ठेवा. तेही नसेल तर गाद्या काढा आणि घरोघरी फोन करून सांगा की आज मुक्काम इथेच.

२. हिशेब एकदा मांडून दाखवा, पण पिण्याआधी

कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. व्हिस्कीच्या एका लार्जमध्ये, म्हणजे ६० मिलिलिटरमध्ये, साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. सत्तर किलोच्या पुरुषाच्या १०० मिलिलिटर रक्तात त्याचे ढोबळमानाने ४० मिलिग्रॅम होतात. म्हणजे एका लार्जवरच तो मर्यादेबाहेर जाऊ शकतो. स्ट्राँग बिअरची मोठी बाटली तर याच्या दुप्पट भरते, आणि "मी फक्त बिअर घेतली" म्हणणारा स्वतःला धुतल्या तांदळासारखा समजतो! वजन कमी असेल, किंवा पिणारी बाई असेल, तर आकडा आणखी चढतो.

आणि उतरतं किती? तासाला सरासरी १५ मिलिग्रॅम. यकृत त्याच्या चालीनेच चालतं. लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी, गार पाण्याची अंघोळ, घशात बोट घालून उलटी, सगळं आमच्याकडे करून झालंय. माणूस ओला होतो, जागा राहतो, शुद्धीवर येत नाही.

३. चाव्या दारातच घ्या

माझ्या घरी त्या तांदळाच्या डब्यात जातात आणि डबा आईच्या ताब्यात असतो. तिच्याकडे चावी मागायला प्यायलेला माणूस जात नाही. पहिला पेग भरायच्या आधी चावी देताना कोणी कुरकुरत नाही. तीच चावी नंतर मागा, अब्रूचा प्रश्न होतो.

४. तरी कोणी निघालाच तर

"तुला चढलीय" म्हणू नका. लगेच भांडण लागतं. "जरा माझ्याबरोबर चहा घे, मग जा" म्हणा, तोवर त्याच्या गाडीपुढे आपली गाडी आडवी लावा. ज्याचं तो ऐकतो त्या मामाला किंवा थोरल्या भावाला फोन लावून त्याच्या कानाला द्या. मागे बसून "सांभाळून घेईन" म्हणणाऱ्यालाही उतरवा. चालतही पाठवू नका. अंधाऱ्या हायवेवर झोकांड्या खाणारा माणूस ट्रकवाल्याला दिसत नाही. इतकं करूनही गेलाच, तर ११२ ला गाडीचा नंबर आणि दिशा सांगा. मैत्री तुटते असं वाटतं. तुटू द्या.

"घर तर इथेच आहे" हे वाक्य मी एकदा ऐकून सोडलं होतं. उसाचा हंगाम होता, ३१ डिसेंबर. तो मित्र चावी लावत होता आणि चावी भोकाच्या आजूबाजूला नुसती खरडत होती. मी हसलो, टॉर्च धरला, चावी लावून दिली. रस्त्यात उसाची भरलेली ट्रॉली उभी होती, मागे रिफ्लेक्टर नव्हता. त्याच्या घराच्या पायरीपासून तीनशे पावलांवर. साठच्या वेगात एका सेकंदात गाडी जवळपास १७ मीटर पुढे जाते, आणि दारू ब्रेकवर पाय जायला उशीर लावते. त्याच्या मुलीचं लग्न पुढे तिच्या काकांनी लावलं.

५. दंडाची भीतीही वापरा

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्यांदा सापडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० किंवा दोन्ही. जीव जाईल म्हटल्यावर न ऐकणारे कोर्टाच्या तारखेला बिचकतात. काय करणार, माणसं अशीच असतात.

६. झोपवताना आणि सकाळी

फार झालेल्याला कुशीवर झोपवा, उताणा नाही. उलटी घशात अडकते. अधूनमधून श्वास बघा. हलवूनही उठत नसेल किंवा श्वास अडखळत असेल तर १०८ ला फोन करा.

सकाळी घाई करू नका. रात्री अकराला सुरू करून एकपर्यंत क्वार्टर संपवलेला माणूस पहाटे पाचला मर्यादेच्या वर असू शकतो, आणि तेव्हाच "दुधाला जायचंय" म्हणून तो उठतो. आमच्याकडे आई तांदळाचा डबा पोहे झाल्याशिवाय उघडत नाही, आणि पोहे ती दहाच्या आत करत नाही.