शिडाची होडी ट्रेलरवरून खानदेशच्या जलाशयात उतरवताना

खानदेशात शिडाची होडी आणायची असेल, तर गाडीला ट्रेलर जोडण्यापूर्वी होडी उतरवण्याची जागा निश्चित करावी आणि शक्य असल्यास होडीशिवाय एकदा जाऊन ती पाहून यावी. मुंबईच्या किनाऱ्यावरील क्लबांत बांधीव उतार असतो, मदतीला माणसे असतात आणि सुरक्षेची मोटरबोट पाण्यात असते. हतनूर, वाघूर, गिरणा किंवा अक्कलपाडा या जलाशयांच्या काठावर यांपैकी काहीही गृहीत धरून चालू नये. शीड ज्याच्या हाताला वळलेले आहे त्याला इथे पाण्यावर फारशी अडचण येत नाही. अडचण येते ती काठावर, आणि ती एक तर चिखलात रुतलेल्या चाकाची असते किंवा डोक्यावरून गेलेल्या विजेच्या तारेची. पुढील विवेचन दोघांनी चालवायच्या, सुमारे चार मीटर लांबीच्या उघड्या होडीला धरून केले आहे. भारतात चांगली परिचित असलेली एंटरप्राइझ ही त्या मापाची होडी असून तिची लांबी ४.०४ मीटर आणि नुसत्या सांगाड्याचे वजन किमान ९४ किलो असते.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा, कारण पावसाळा संपून जलाशय भरलेले असतात आणि वारा मंद ते मध्यम असतो. पावसाळ्यात तापी आणि पूर्णा यांच्या वरच्या खोऱ्यात, म्हणजे मध्य प्रदेशात आणि विदर्भात जोराचा पाऊस झाला, की भुसावळकडे लख्ख ऊन पडलेले असतानाही हतनूरचे दरवाजे उघडावे लागतात. ४१ दरवाजांच्या या धरणाच्या फुगवट्यात त्या दिवसांत होडी नेणे हा शुद्ध अविचार होय. वाराही तेव्हा नवख्याचे ऐकत नाही; साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या राहिलेल्या नाहीत. एप्रिल-मेमध्ये पाणी आटून काठ दूर सरकतो, पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दुपारनंतर वळवाचे ढग जमले की वावटळीसह वारा क्षणाक्षणाला दिशा बदलतो. उन्हाळ्यात जायचेच असेल तर सकाळी दहाच्या आत होडी पुन्हा ट्रेलरवर आलेली असावी.

जलाशय जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतात आणि त्यांतील मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, म्हणून परवानगी शाखा अभियंत्यांच्या कार्यालयातून लेखी घ्यावी आणि संस्थेच्या लोकांना तोंडी कल्पना द्यावी. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे, कारण जाळी कुठे पसरली आहेत, बुडालेली झाडे कुठे उभी आहेत आणि गाळ कुठपर्यंत चढला आहे, हे कोणत्याही नकाशावर सापडणार नाही. ते मासेमारी करणाऱ्या भोई बांधवांनाच ठाऊक असते. ज्या जलाशयातून शहराला पिण्याचे पाणी जाते तेथे परवानगी नाकारली गेली तर वाद घालू नये.

आता जागेविषयी. जलाशयाचा काठ वरून कोरडा आणि भेगाळलेला दिसतो, पण वरच्या वाळलेल्या पापुद्र्याखाली काळा गाळ ओलाच असतो आणि गाडीचे मागचे चाक त्यात गेले की ट्रॅक्टर आणल्याशिवाय बाहेर निघत नाही. त्यामुळे मुरमाचा किंवा खडकाळ उतार शोधावा. धरण होण्यापूर्वीचा जुना गावरस्ता जिथे सरळ पाण्यात उतरतो, ती जागा सर्वांत उत्तम, कारण तिच्यावर खडी-मुरूम दाबलेला असतो आणि तिचा उतारही सौम्य असतो. असा रस्ता सापडल्यास अनवाणी नव्हे, बूट घालून, हातात बांबू घेऊन मांडीभर पाण्यापर्यंत चालत जावे आणि दर दोन पावलांवर बांबू टेकवून तळ पाहावा. हिवाळा सरू लागला की मागे हटलेल्या पाण्याच्या जमिनीवर गाळपेऱ्याची पिके उभी राहतात; रिकामा दिसणारा पट्टासुद्धा कुणाच्या तरी कलिंगडांचा असू शकतो, तेव्हा विचारल्याशिवाय गाडी घालू नये.

त्याच वेळी वर पाहावे. तापीकाठच्या रावेर-यावल पट्ट्यात केळीला पाणी नेणाऱ्या उपसा योजनांमुळे नदीच्या आणि फुगवट्याच्या काठापर्यंत विजेच्या तारा आलेल्या असतात, आणि हीच इथली सर्वांत गंभीर धोक्याची बाब आहे. नियमानुसार ११ केव्हीच्या उघड्या तारेची जमिनीपासूनची किमान उंची रस्ता ओलांडताना ६.१ मीटर, पण रस्त्याव्यतिरिक्त इतरत्र फक्त ४.६ मीटर असते. एंटरप्राइझसारख्या होडीची डोलकाठी सहा मीटरांच्या आसपास उंच असते, होडी ट्रेलरवर असताना तिच्यात अर्ध्या मीटरहून अधिक भर पडते, आणि उन्हात तारा सैल होऊन आणखी खाली येतात. डोलकाठी अॅल्युमिनियमची आणि तिला धरणाऱ्या तारा पोलादाच्या असल्याने स्पर्श झाल्यास, किंवा नुसते फार जवळ गेल्यासही, होडीला हात लावून उभा असलेला माणूस वाचणे कठीण असते. म्हणून डोलकाठी उभी करण्याची जागा, तेथून पाण्यापर्यंतची वाट आणि होडी ज्या पाण्यावरून जाणार तो भाग, या तिन्हींवर तार नाही याची खात्री दोघांनी स्वतंत्रपणे करावी. डोलकाठी उभी असताना ट्रेलर पन्नास पावले हलवायचा असला तरी एकाने केवळ वर पाहत पुढे चालावे.

ओढून नेण्याची तयारी घरीच होते. मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने ट्रेलर हेही वाहन असल्याने त्याची नोंदणी आणि नंबरप्लेट स्वतंत्र असावी लागते. हुकाचा गोळा आणि ट्रेलरची वाटी एकाच मापाची आहे, हे डोळ्यांनी न ठरवता दोन्हींवर कोरलेला आकडा वाचून ठरवावे. वाटी बसवून खटका लावल्यावर ट्रेलरचे पुढचे चाक फिरवून गाडीची मागची बाजू किंचित उचलून पाहावी. वाटी निसटली नाही तरच ती नीट बसली. सुरक्षेच्या दोन साखळ्या दांड्याखालून एकमेकींना छेद देऊन अडकवाव्यात, म्हणजे हूक सुटलाच तर दांडा रस्त्यावर न आपटता साखळ्यांत झेलला जातो.

एकूण वजनाच्या सात ते दहा टक्के भार हुकावर यावा. होडी आणि ट्रेलर मिळून २५० किलो असतील, तर घरगुती वजनकाट्यावर दांड्याचे टोक ठेवल्यावर १७ ते २५ किलो दिसायला हवेत. भार याहून कमी असल्यास वेगात ट्रेलर शेपटासारखा डोलू लागतो. अशा वेळी ब्रेक दाबू नये, स्टिअरिंग सरळ धरून पाय फक्त अॅक्सिलरेटरवरून काढावा. होडी बांधताना पट्टे सांगाड्यावर थेट घासू देऊ नयेत, आणि प्रत्येक पट्ट्याला एक पीळ द्यावा, म्हणजे तो वाऱ्यात फडफडत नाही. आडवी डोलकाठी तीन ठिकाणी टेकवून बांधावी, तिच्या तारा एकत्र गुंडाळाव्यात आणि मागे आलेल्या टोकाला लाल कापड लावावे. सुकाणू आणि मधली फळी, म्हणजे होडीच्या मधोमध असलेल्या खाचेतून पाण्यात सोडायची फळी, गाडीच्या आत ठेवलेली बरी.

मुंबईहून येणाऱ्यांना आग्रा महामार्गाने कसारा घाट आणि चांदवडजवळचा राहुड घाट ओलांडून धुळे गाठावे लागते. सुरतेकडून येणाऱ्यांना महामार्ग ५३ वर कोंडाईबारीचा घाट लागतो, आणि मराठवाड्यातून चाळीसगावला उतरणारा कन्नडचा घाट वळणांमुळे ट्रेलरला त्रासाचा आहे. लहान ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतात, त्यामुळे उतारावर आधीच खालचा गिअर टाकून वेग इंजिनाने रोखावा, समोरच्या वाहनापासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवावे आणि वळण थोडे रुंद घ्यावे. महामार्ग सोडल्यावर गावागणिक न रंगवलेले गतिरोधक येतात. ते गाडीने पार केले तरी ट्रेलरची पाळी अजून बाकी आहे, याचा विसर पडू देऊ नये. निघाल्यापासून अर्ध्या तासाने थांबून चाकांच्या मध्यभागी हात लावावा. हात टेकवत नसेल इतके ते तापले असल्यास बेअरिंगमध्ये ग्रीस कमी आहे, आणि पुढे जाण्याआधी ते भरणे आवश्यक आहे. पट्टेही त्याच वेळी तपासावेत, कारण पहिल्या काही किलोमीटरांत ते हमखास सैल पडतात.

काठावर पोहोचल्यावर ट्रेलर सपाट जागी, होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, वाऱ्याकडे करून उभा करावा आणि चाकांना दगड लावावेत. सर्वांत पहिले काम म्हणजे तळाचे बूच लावणे. पुढच्या गडबडीत ते राहून जाते. डोलकाठीच्या बाजूच्या दोन तारा ती उभी करण्यापूर्वीच होडीला जोडून घ्याव्यात, शीड चढवण्याच्या दोऱ्या कुठे पीळ पडून गुंतल्या नाहीत हे पाहावे, मग एकाने डोलकाठीचा बुंधा खाचेत दाबून धरत दुसऱ्याने ती खांद्यावरून उचलत उभी करावी. पुढची तार जोडून होईपर्यंत डोलकाठीवरचा हात काढू नये. तिसरा माणूस मिळाला तर त्याच्याकडून पुढची तार ओढून धरवावी. काठावर पोरे जमतातच, पण हे काम त्यांच्याकडे देऊ नये. प्रत्येक पिनेत तिची गोल रिंग बसली आहे हे बोटाने चाचपून पाहावे आणि रिंगवर चिकटपट्टी गुंडाळावी, नाहीतर शिडाच्या घर्षणाने ती उघडते.

बूम (मुख्य शिडाची खालची कड ताणून धरणारी आडवी काठी), सुकाणू आणि दोन्ही शिडांचे दोर यानंतर लागतात. दोराच्या सुट्या टोकाला आठची गाठ मारावी, म्हणजे तो कप्पीतून निसटत नाही. इथल्या उथळ, गाळाच्या पाण्यात एक जास्तीची गोष्ट मी आवर्जून करायला सांगेन: डोलकाठीच्या शेंड्याला घट्ट झाकणाचा रिकामा प्लास्टिकचा कॅन बांधावा. होडी पूर्ण उलटली तर डोलकाठी खालच्या गाळात रुतते आणि दोघांच्या वजनाने निघत नाही. कॅनमुळे होडी आडवीच राहते आणि मधल्या फळीवर उभे राहून ती सरळ करता येते. कॅन दिसायला वाईट दिसतो, हे मान्य. लाइफ जॅकेट दोघांनीही जमिनीवरच घालून बंद करावे, आणि होडीला छोटे आउटबोर्ड इंजिन लावण्याचा विचार असल्यास ती यांत्रिक नौका ठरते व नोंदणीचा प्रश्न उभा राहतो, हे परवानगी मागतानाच ध्यानात घ्यावे.

ट्रेलर मागे नेण्याचे कौशल्य ज्यांना नाही त्यांनी स्टिअरिंग खालच्या बाजूने धरावे. हात ज्या बाजूला जाईल त्या बाजूला ट्रेलर वळतो. तेही जमेना, तर गावातल्या एखाद्या ट्रॅक्टरवाल्या दादांना विनंती करावी, कारण भरलेली ट्रॉली अरुंद बांधावरून मागे घेणाऱ्या माणसाला हा खेळ वाटतो. पाण्यात नेण्यापूर्वी ट्रेलरच्या दिव्यांची जोडणी काढावी आणि चाके थंड होऊ द्यावीत. तापलेले बेअरिंग गार पाण्यात बुडाले की आत पाणी ओढले जाते. गाडीची चाके मात्र कोरड्यावरच ठेवावीत. एवढी हलकी होडी असेल तर ट्रेलर हुकावरून सोडून, दांड्याला लांब दोर बांधून आणि त्याचा एक वेढा गाडीच्या हुकाला देऊन, हातांनीच पाण्यात सोडणे अधिक सुरक्षित असते.

वारा काठाला समांतर वाहत असेल अशी बाजू निवडावी. त्यात जाणे आणि येणे दोन्ही सोपे जाते. काठाकडून पाण्याकडे जाणारा वारा निघताना फार सोयीचा वाटतो, पण काठाजवळ तो झाडांच्या आडोशाने मंद भासतो आणि शंभर मीटर आत गेल्यावर त्याचा खरा जोर कळतो. होडी तरंगू लागली की एकाने कमरेभर पाण्यात उभे राहून तिचे तोंड वाऱ्याकडे धरावे, दुसऱ्याने आत चढून शिडे उभारावीत, आणि शिडाचा दोर या वेळी पूर्ण मोकळा असावा. मधली फळी अर्धीच खाली सोडून निघावे आणि पाणी खोल झाल्यावर ती पूर्ण उतरवावी. धरणाची भिंत, दरवाजे, कालव्याचे तोंड आणि तरंगते पंप यांच्याजवळ जाऊ नये. हतनूरच्या फुगवट्यात हिवाळ्यात पाहुणे पक्षी मोठ्या संख्येने उतरतात. त्यांचे थवे बसलेले उथळ भाग टाळावेत, आणि तिथे गाळही असल्याने यात होडीचेही हितच आहे.

परतताना काठापासून थोडे दूर असतानाच मुख्य शीड उतरवावे आणि उरलेले अंतर पुढच्या शिडावर किंवा वल्ह्याने कापावे. होडी ट्रेलरवर ओढल्यावर आधी बूच काढून पाणी वाहू द्यावे, नंतर डोलकाठी उतरवावी, आणि तीही पुन्हा एकदा वर पाहूनच. मधल्या फळीच्या खाचेत, ट्रेलरच्या चाकांत आणि दोरांत अडकलेली जलपर्णी व गाळ तिथेच काढून टाकावा, म्हणजे एका जलाशयातली वनस्पती दुसऱ्यात जात नाही. ओली शिडे गाडीत घडी करून ठेवावी लागली तर घरी पोहोचल्यावर सावलीत पसरावीत, आणि बेअरिंगमध्ये नवे ग्रीस भरण्याचे काम पुढच्या खेपेवर टाकू नये.