अवकाशात चिप बनवताय? कागदावरच या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेत मी सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशिनची इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करतो. दरवर्षी इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्ट घेऊन येतात. यंदाचा विषय झकास होता: अणू-अणू मांडून यानातच चिप बनवायची आणि बिघडलेलं कार्ड तिथंच दुरुस्त करायचं. ड्रॉइंग बघितलं, तर सगळी मांडणी आमच्या टेबलासारखीच! इथं गुरुत्व बिनपगारी राबतंय, हे आपल्या ध्यानातच येत नाही.

मल्टिमीटरचा बीप वाजला, सोल्डरचा जॉइंट पास. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. 2004 मध्ये अंतराळवीर माईक फिंक यांनी अवकाश स्थानकात तारेवर सोल्डर वितळवून पाहिलं. इथं तापलेला फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून वापरायचं रसायन, ओघळून जातो. तिथं त्याचा थेंब सोल्डरच्या गोळ्याला चिकटून गरागरा फिरत राहिला. वाफेच्या बुडबुड्यांना वर यायला तिथं ‘वर’ अशी दिशाच नाही, म्हणून ते जॉइंटच्या पोटात अडकतात. वरून चकचकीत, आतून पोकळ. मल्टिमीटर हे पकडत नाही, एक्स-रे पकडतो. मी स्वतः एकदा बीपवर विसंबून ड्राइव्ह कार्ड देऊन बसलो होतो. मशिन तापलं की बंद, गार झालं की चालू. रात्रपाळीतून फोन आला आणि शिव्या खाल्ल्या. कक्षेतल्या यानाची फेरी दीड तासाची असते. बाहेरचं कार्ड तेवढ्यात एकदा तापतं, एकदा गारठतं. तिथं फोन कुणाला करणार?

शिवाय गरम हवा वर चढत नाही. सोल्डरिंग आयर्न टेकवला की उष्णता तिथंच घुटमळते, शेजारची आयसी भाजते, धूर नाकासमोर थांबतो. म्हणून फॅन आणि सक्शन हवंच.

शुद्ध कथिल. शिसं नको म्हणून शुद्ध कथिलाचा मुलामा निवडू नका. त्यातून केसाहून बारीक धातूचे तंतू फुटतात आणि शॉर्ट करतात. 1998 मध्ये गॅलक्सी 4 हा उपग्रह निकामी झाला, अमेरिकेतले कोट्यवधी पेजर गप्प झाले, त्याच्या कारणांत हेच तंतू होते. तिथं 63 टक्के कथिल, 37 टक्के शिसं असलेलं जुनं सोल्डरच बरं.

पोरं म्हणाली, ‘काका, चिप बनवायला व्हॅक्यूम लागतं, वरती ते फुकटच की!’ फुकट आहे, पण स्वच्छ नाही. चारशे किलोमीटरवर ऑक्सिजनचे सुटे अणू असतात आणि यान सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगानं त्यांच्यात घुसतं. प्लास्टिक झिजतं, चांदी काळी पडते. नासानं 1994 ते 1996 मध्ये शटलमधून सुमारे 3.7 मीटर व्यासाची पोलादी थाळी नेली होती. पुढून येणारे अणू थाळी अडवते, त्यामुळे तिच्या मागच्या सावलीत खरी निर्वात पोकळी मिळते. पातळ थर तिथं वाढवायचे होते. तुमच्या ड्रॉइंगमध्ये ही आडोशाची बाजू कुठली, ते आधी दाखवा.

स्प्रिंगवर टांगलेली सुई. 1989 मध्ये आयबीएम या संगणक कंपनीत शास्त्रज्ञ डॉन आयग्लर यांनी झेनॉन वायूचे 35 अणू सूक्ष्मदर्शक यंत्राच्या सुईनं सरकवून कंपनीचं नाव लिहिलं. तेही उणे 269 अंशांच्या आसपास, नाहीतर अणू जागेवर थांबत नाहीत. सुई आणि पृष्ठभागातलं अंतर 0.1 नॅनोमीटरनं बदललं तरी त्यांच्यातला विद्युतप्रवाह जवळपास दहापट बदलतो. आमच्या शेजारी फाउंड्री आहे. तिथं साचे झटकायला लागले की माझ्या चहावर तरंग उठतात. म्हणून प्रयोगशाळेत अशी यंत्रं स्प्रिंगला टांगतात. पण टांगायला वजन लागतं. वर वजनच नाही, आणि पंप, पंखे, व्यायामाचा पट्टा यांची थरथर मात्र सतत. तिथं सेन्सरनं थरथर मोजून मोटरनं उलटा धक्का देणारी बैठक लागते. स्थानकात काही रॅकना तशी सोय केलेली आहे.

पोरांनी ड्रॉइंगमधली स्प्रिंग खोडली, तिच्या जागी सेन्सरची बैठक रेखाटली. आता धुरासाठी सांगितलेला फॅन त्यांनी त्याच बैठकीवर बोल्टनं आवळलाय.