वाचनालयाची वेबसाइट बंदिस्त सॉफ्टवेअरमधून कशी सोडवली

आमच्या वाचनालयाची वेबसाइट एका कंपनीच्या बंदिस्त सॉफ्टवेअरवर होती. दरवर्षी नूतनीकरणाचे वाढीव पैसे, चार पानं जास्त हवीत तर वरचा प्लॅन, आणि साधा फाँट बदलायचा तरी कंपनीकडे तिकीट (मदतीची विनंती) टाकून वाट बघायची. सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेला हे परवडत नाही, आणि तिनं का सोसावं?

शेवटी वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या खुल्या सॉफ्टवेअरवर गेलो. २००३ पासून आहे, जीपीएल या मुक्त परवान्याखाली मोफत मिळतं, डॅशबोर्डही मराठीत मिळतो. खर्च उरतो तो डोमेनचा (वेबसाइटचा पत्ता) आणि होस्टिंगचा (ती ठेवायची सर्व्हरवरची जागा).

खरी कसोटी मजकूर बाहेर काढताना लागली. एक्स्पोर्टमधून फक्त लेखांची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर-फाइल) मिळाली, फोटो नाहीतच. ती फाइल एक्सेलमध्ये डबलक्लिक करून उघडली की मराठीच्या जागी नुसती वेडीवाकडी चिन्हं. डेटा टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट' घेऊन यूटीएफ-८ (देवनागरीसह सगळ्या लिप्या साठवणारं एन्कोडिंग) निवडलं, तेव्हा काना-मात्रा जागेवर आल्या. फोटो डब्ल्यूगेट या डाउनलोड करायच्या साधनानं उतरवून घेतले.

जुन्या पानांचे पत्ते बदलणार होते. अपाचे (वेबसाइट चालवणारं सॉफ्टवेअर) सर्व्हरवर एचटीअ‍ॅक्सेस या सेटिंग्जच्या फाइलमध्ये प्रत्येक जुन्या पत्त्यासाठी ही ओळ टाकली:

रीडायरेक्ट ३०१ /जुना-पत्ता /नवा-पत्ता

(फाइलमध्ये अर्थात रोमन लिपीत; ३०१ म्हणजे पत्ता कायमचा बदललाय.) त्यामुळे गूगलवरून येणारे वाचक तुटलेल्या दुव्यावर आपटत नाहीत.

आणि डोमेन कुणाच्या नावावर आहे ते सगळ्यात आधी बघा. ऑथ कोड (डोमेन दुसरीकडे हलवायचा गुप्त कोड) घेऊन ते संस्थेच्या खात्यात आल्याशिवाय जुनं खातं अजिबात बंद करू नका.

आता नव्या पुस्तकांची यादी ग्रंथपालबाई स्वतः मोबाइलवरून टाकतात.