ब्राझील नट खाताय? मग आधी नग मोजायला लागा

ब्राझील नटबद्दल ऑनलाइन जे काही फिरतंय ते वाचून बरेच जण अर्ध्या किलोचं पाकीट मागवतात आणि बदाम-काजूसारखे मूठभर खायला लागतात. असं करू नका प्लीज. हे सगळं लिहायला बसलेय ते मुख्यतः एवढंच सांगायला. नट चांगला आहे, खूपच चांगला आहे, पण याचा हिशोब मुठीवर नाही, नगावर करायचा. मोठ्या माणसाला दिवसाला एक, कधीतरी दोन झाले तर चालतील, पण दोनची रोजची सवय लावून घेऊ नका.

कारण सेलेनियम, शरीराला अगदी थोडंसं लागणारं एक खनिज. अमेरिकेच्या कृषी खात्याची जी आकडेवारी सगळीकडे वापरतात तिच्यात १०० ग्रॅम ब्राझील नटमध्ये १९१७ मायक्रोग्रॅम सेलेनियम दिलंय. आणि मोठ्या माणसाला दिवसाला लागतं किती, तर अमेरिकेच्या हिशोबाने ५५ आणि आपल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशोबाने ४०. सोललेला एक नट साधारण ५ ग्रॅमचा भरतो, म्हणजे एका नटात ९५ च्या आसपास मायक्रोग्रॅम, दिवसाची गरज तिथेच भागली आणि वर उरलं पण. आता वरची मर्यादा बघा. अमेरिकेत मोठ्यांसाठी ४०० मायक्रोग्रॅम धरतात, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये ती २५५ वर आणली. सहा ते आठ नट म्हणजे जेमतेम २८ ग्रॅम, टीव्ही बघता बघता संपतील एवढे, आणि तेवढ्यातच साधारण ५४४ मायक्रोग्रॅम पोटात जातं. एखाद्या दिवशी असं झालं तर घाबरायचं कारण नाही, पण रोज झालं तर साठत जातं, कारण यातलं सेलेनियम बरंचसं सेलेनोमेथिओनिन या रूपात असतं आणि शरीर ते साध्या मेथिओनिनच्या (प्रोटीन ज्यांचं बनतं त्यातल्या एका अमिनो आम्लाच्या) जागी प्रोटीनमध्ये बसवून ठेवतं. व्हिटॅमिन सी जास्त झालं की लघवीवाटे निघून जातं तसं इथे पटकन होत नाही.

आता गंमत अशी की हे ९५ वगैरे आकडे सरासरीचे आहेत. प्रत्यक्ष तुमच्या हातातल्या नटात किती आहे हे झाड कुठल्या मातीत उभं होतं त्यावर ठरतं. ब्राझीलमध्येच ॲमेझोनास राज्यातल्या नटात भरपूर आणि मातो ग्रोसो किंवा आक्रेकडच्या नटात त्याच्या कितीतरी पट कमी असा फरक तपासण्यांमध्ये दिसलाय. पाकिटावर देश कळतो, जंगल कळत नाही. म्हणून लेबलवरचा सेलेनियमचा आकडा बघून 'अमुक नटात एवढंच आहे म्हणजे मी तीन खाऊ शकतो' असं गणित मांडू नका. मातीचा हा खेळ आपल्याकडेही आहे बरं का, पंजाबात नवांशहर-होशियारपूर भागात काही ठिकाणी जमिनीतच सेलेनियम इतकं जास्त आहे की तिथल्या गव्हात ते उतरतं आणि गुरांचे खूर, माणसांचे केस-नखं यावर परिणाम झालेले नोंदवले गेलेत.

उलट बाजूही सांगते. न्यूझीलंडच्या मातीत सेलेनियम कमी, तिथे २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, ५९ मोठी माणसं, १२ आठवडे. काहींना रोज दोन ब्राझील नट, काहींना १०० मायक्रोग्रॅमची सेलेनियमची गोळी, काहींना नुसती खोटी गोळी. नट खाणाऱ्यांच्या रक्तातलं सेलेनियम गोळीवाल्यांइतकंच चांगलं वाढलं. म्हणजे ज्याला खरंच कमी आहे त्याला एक-दोन नट पुरतात, गोळीची गरज पडत नाही.

सेलेनियम करतं काय? थायरॉइडमधून जे टी-फोर हार्मोन बाहेर येतं त्याचं कामाचं टी-थ्री करणाऱ्या एन्झाइम्सना ते लागतं, आणि ग्लुटाथायोन परॉक्सिडेज नावाचं जे एन्झाइम पेशींचं नुकसान थांबवतं त्यालाही लागतं. चीनमध्ये केशान भागात मातीत सेलेनियम फार कमी होतं, तिथे लहान मुलांना आणि बायकांना हृदयाच्या स्नायूचा आजार व्हायचा, त्याला केशान रोग असंच नाव पडलं. पण कमी पडलं तर आजार होतो याचा अर्थ जास्त घेतलं तर जास्त फायदा होतो असा नाही. अमेरिकेत ३५,००० हून जास्त पुरुषांवर मोठी चाचणी झाली, रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम देऊन प्रोस्टेट कॅन्सर टळतो का बघायला. टळला नाही, आणि २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या. त्यामुळे 'कॅन्सरवर रामबाण' असं लिहिलेला फॉरवर्ड आला तर पुढे पाठवू नका.

बाकीचं पोषण? आहे की. १०० ग्रॅममध्ये साधारण ६६० कॅलरी, ६७ ग्रॅम फॅट, १४ ग्रॅम प्रोटीन, साडेसात ग्रॅम फायबर, ३७६ मिलिग्रॅम मॅग्नेशियम, ७२५ मिलिग्रॅम फॉस्फरस, शिवाय तांबं आणि झिंक. वाचायला भारी वाटतं, पण आपण खाणार एक नट, म्हणजे पाच ग्रॅम! त्यातून ३३ कॅलरी, पाऊण ग्रॅमही नाही इतकं प्रोटीन आणि १९ मिलिग्रॅम मॅग्नेशियम मिळतं. म्हणून प्रोटीनसाठी, कॅल्शियमसाठी, ओमेगा-थ्रीसाठी ब्राझील नट घेताय का, तर नका घेऊ. प्रोटीन शेंगदाण्यात १०० ग्रॅमला २५ ग्रॅमच्या वर आहे, व्हिटॅमिन ई बदामात चार-पाच पट जास्त, ओमेगा-थ्री अक्रोडात आणि जवसात, कॅल्शियमला तीळ आहेतच, आणि यातलं सगळं किराणा दुकानात स्वस्तात मिळतं. सॅच्युरेटेड फॅटही यात १०० ग्रॅमला १६ ग्रॅम आहे, बदामात चारच्या आत. माझं स्पष्ट मत आहे की ब्राझील नट फक्त सेलेनियमसाठी घ्यायचा, आणि तेही गरज असेल तर.

गरज कोणाला हे पण बघून घ्या. घरात आठवड्यातून दोन-तीनदा मासे होत असतील, अंडी-चिकन असेल, तर तुम्हाला सेलेनियम तिथूनच मिळतंय. एका अंड्यात १५ च्या आसपास मायक्रोग्रॅम असतं, माशांत आणि कोळंबीत त्याहून बरंच. ज्यांचं जेवण पूर्ण शाकाहारी आहे आणि अंडंही चालत नाही, त्यांना हा एक नट खरा उपयोगी. आणि मल्टिव्हिटॅमिन घेत असाल तर पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा, बऱ्याच गोळ्यांत सेलेनियम आधीच घातलेलं असतं, केसांच्या आणि नखांच्या गोळ्यांत तर हमखास बघा. गोळी अधिक नट अशी बेरीज करायची.

आता घ्यायचे कसे. सोललेला नट संत्र्याच्या फोडीसारखा तीन धारांचा असतो, वर तपकिरी साल चिकटलेली आणि आत हस्तिदंती पांढरा. पाकीट आलं की लगेच डब्यात ओतू नका, एक नट घ्या, सुरीने उभा कापा. आतून एकसारखा पांढरट, कापताना किंचित मऊ आणि वास खोबऱ्याकडे झुकणारा असेल तर माल चांगला. कडा पिवळट, तेलकट, काचेसारख्या दिसत असतील आणि वास जुन्या तेलाचा येत असेल तर तो खवट झालाय, परत करा. मध्ये पोकळी आणि त्यात करडी-काळी भुकटी किंवा कुबट वास असेल तर बुरशी. बुरशीचा भाग काढून उरलेला खायचा किंवा भाजून घ्यायचा हा उद्योग अजिबात करायचा नाही, कारण बुरशीने तयार केलेलं अफ्लाटॉक्सिन हे विष साध्या भाजण्याने जात नाही. चव कडवट लागली तर थुंकून टाका, गिळू नका.

ही बुरशी येते कुठून ते कळलं की निवडताना लक्ष राहतं. ब्राझील नट ही मुख्यतः जंगलातली वेचणी आहे, ब्राझील, बोलिव्हिया आणि पेरूच्या ॲमेझॉन जंगलात. झाड ५० मीटरपर्यंत वाढतं, फुलांचं परागीकरण ठरावीक दणकट मधमाश्याच करू शकतात आणि त्या मधमाश्यांना आजूबाजूचं जंगल लागतं, म्हणून लागवडी म्हणाव्या तशा चालल्या नाहीत. फळ पिकायला वर्षाहून जास्त वेळ लागतो, दोन किलोपर्यंतचा लाकडासारखा कडक गोळा, आत दहा-पंचवीस नट. डिसेंबर ते मार्च, ऐन पावसात, हे गोळे वरून आपोआप पडतात, डोक्यावर पडला तर माणूस जातो, म्हणून वेचणारे वारा-पाऊस जोरात असला की झाडाखाली जात नाहीत. मग कोयत्याने गोळा फोडायचा, ओले नट पोत्यात भरायचे आणि होडीने शहरात न्यायचे, बोलिव्हियात रिबेराल्ता गावात वाळवून-फोडून निर्यात करणारे कारखाने आहेत, आणि जगात सोललेल्या नटची सर्वात मोठी निर्यात बोलिव्हियाचीच. ओला माल पोत्यात जितका जास्त पडून राहील तितकी बुरशीची भीती. २००३ मध्ये युरोपने ब्राझीलहून येणाऱ्या कवचासकटच्या नटवर याच अफ्लाटॉक्सिनमुळे कडक अटी घातल्या होत्या. म्हणून सुटे, उघड्या पोत्यातले घेऊ नका, हवाबंद पाकीट आणि आयातदाराचं नाव असलेलं घ्या, आणि हे लक्षात ठेवा की पाकिटावरची पॅकिंगची तारीख म्हणजे जंगलात वेचल्याची तारीख नव्हे, मधे बरेच महिने गेलेले असू शकतात.

पाकीट छोटं घ्या. एका माणसाला दिवसाला एक म्हणजे १०० ग्रॅममध्ये वीसेक दिवस, २०० ग्रॅम महिनाभर पुरून उरतं. अर्धा किलो घेतला तर आपल्या हवेत, त्यातून कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात, तो सादळणार आणि खवट होणार हे नक्की. काचेची घट्ट झाकणाची बरणी, फ्रीजमध्ये, जास्त असतील तर डीप फ्रीजरमध्ये. आठवड्याचे सात नट छोट्या डबीत वेगळे काढा आणि मोठी बरणी लगेच परत आत ठेवा, उघडी राहिली तर गार नटवर दमट हवेचं पाणी धरतं. त्या डबीचा दुसरा फायदा म्हणजे मोजणी आपोआप होते, घरातल्या प्रत्येकाची वेगळी डबी केली तर अजून बरं.

खाण्याची पद्धत अवघड काही नाही. नुसता चावून खा, नाहीतर किसणीवर बारीक किसून दह्यात, काकडीच्या कोशिंबिरीवर, ओट्सवर किंवा कांदेपोह्यांवर खोबऱ्याऐवजी भुरभुरवा, तेलकट असल्यामुळे कीस छान मऊ पडतो. भिजवायची गरज नाही. सकाळी थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी मात्र गोळीबरोबर नट तोंडात टाकायचा नाही, गोळी रिकाम्या पोटी आणि नट नंतर नाश्त्यात, आणि नट खातोय म्हणून गोळी कमी करायची नाही.

लाडवांचं वेगळं सांगायला हवं, कारण हल्ली ड्रायफ्रूट लाडवात हे सर्रास घालतात. १०० ग्रॅम नट घालून वीस लाडू वळले तर प्रत्येक लाडवात एक नट गेला. दिवसाला तीन लाडू खाणाऱ्या माणसाने तीन नट खाल्ले, शाळेतून आलेल्या पोराने दोन उचलले तर त्याने दोन. लाडवात घालूच नका असं मी म्हणेन, तिथे बदाम-खारीक-डिंक आहे की. प्रोटीन बार, नट बटर, ट्रेल मिक्सची (सुकामेवा-बियांच्या मिश्रणाची) पाकिटं, यांचंही तसंच, आत किती नट आहेत कळत नाही.

लहान मुलांना तर फारच जपून. अमेरिकेच्या हिशोबात १ ते ३ वर्षांच्या मुलाची दिवसाची वरची मर्यादा ९० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे एका नटातच ती गाठली जाते, ४ ते ८ वर्षांना १५०. त्या वयात रोज द्यायची गरजच नाही, आणि पाच वर्षांच्या आतल्या मुलाला कुठलाही अख्खा नट देऊ नये, घशात अडकतो. गरोदरपणात गरज थोडी वाढते, ६० होते, स्तनपानात ७०, पण त्या काळात बहुतेक जणींच्या गोळ्या चालू असतात तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा.

ॲलर्जीही गंभीर होऊ शकते. यातलं मेथिओनिनने भरलेलं प्रोटीनच ॲलर्जीचं कारण आहे. सोयाबीनमध्ये मेथिओनिन कमी म्हणून याच प्रोटीनचं जनुक सोयाबीनमध्ये घातलं होतं, १९९६ मध्ये तपासणी प्रसिद्ध झाली तेव्हा दिसलं की ॲलर्जी पण सोबत आलीय, आणि ते सोयाबीन बाजारात आलंच नाही. काजू-अक्रोडाची ॲलर्जी असणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता ब्राझील नट चाखूनसुद्धा बघू नये. पहिल्यांदा खाताय तर चिमूटभर खा आणि ओठ सुजणं, पुरळ, घसा आवळल्यासारखा वाटणं याकडे लक्ष ठेवा, श्वासाला त्रास झाला तर थेट हॉस्पिटल गाठा.

आणि जे कोणी आधीपासून रोज पाच-सहा खात आलेत त्यांच्यासाठी. तोंडाला धातूसारखी चव, लसूण न खाता श्वासाला लसणाचा वास, नखं ठिसूळ होऊन तुटणं किंवा त्यांच्यावर पांढरे पट्टे, केस झपाट्याने गळणं, मळमळ, जुलाब, विनाकारण थकवा, चिडचिड, ही जास्त सेलेनियमची लक्षणं आहेत. केस गळतात म्हणून लोक अजून दोन नट वाढवतात, नेमकं उलटं करायचंय. यातलं काही दिसत असेल तर नट आणि सेलेनियमच्या गोळ्या दोन्ही आज बंद करा, डॉक्टरांकडे जा आणि रोज किती नट, किती महिने, सोबत कुठल्या गोळ्या हे कागदावर लिहून न्या, कारण तुम्ही स्वतः सांगितल्याशिवाय नटचा विषय त्यांच्या डोक्यात येईलच असं नाही. रक्तातलं सेलेनियम मोजायची टेस्ट मोठ्या लॅबमध्ये होते. बंद केल्यावर पातळी हळूहळू उतरते, नवीन नख खालून नीट वाढून यायला काही महिने जातात.