‘त्याचा स्वभावच तसा आहे’ असं नोंदवहीत लिहिण्याआधी

बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांसोबत काम करायला येऊ पाहणारे बहुतेक जण मला आधी कोर्सबद्दल विचारतात. डिप्लोमा पुरेल का, मास्टर्स लागेल का, कुठली शाखा घेऊ. त्यावर पुढे लिहिलंय, पण थोडक्यात. बौद्धिक अक्षमता म्हणजे काय आणि मानसिक आजार तिच्याहून वेगळा कसा, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. मला लिहायचंय ते या दोन्ही गोष्टी एकाच माणसात असतात तेव्हाच्या कामाबद्दल. नोकरी लागली की पहिल्या आठवड्यातच ही माणसं भेटतात, आणि अभ्यासात मात्र हे दोन विषय बहुधा वेगवेगळ्या पेपरांत वाटलेले असतात.

प्रमाण किती असावं? स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत सॅली-अॅन कूपर यांच्या गटाने बौद्धिक अक्षमता असलेल्या १,०२३ प्रौढांचा अभ्यास केला होता, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४०.९ टक्के लोकांमध्ये कुठला ना कुठला मानसिक त्रास आढळला. वर्तनाच्या समस्याही या आकड्यात धरल्या आहेत, तरीही तो मोठाच आहे. आणि एवढ्या लोकांना मदत मिळते कशी? मानसोपचार विभाग म्हणतो, ‘हे अक्षमतेमुळे आहे, आमच्याकडे नको.’ अक्षमतेसाठी काम करणारी संस्था म्हणते, ‘हे सायकिअॅट्रिक आहे, आम्हाला झेपणार नाही.’ कुटुंब मध्ये हेलपाटे घालत राहतं. दोन्हीकडची भाषा समजणारी माणसं फार कमी आहेत. तुम्ही त्यातले एक झालात तर काम कमी पडणार नाही, एवढी खात्री मी देऊ शकते.

आता सापळ्याबद्दल. माणसाला एक निदानाचं लेबल मिळालं की त्याच्या बाबतीतली प्रत्येक गोष्ट त्याच लेबलाच्या खात्यात टाकली जाते. ओरडतो? अक्षमता. झोपत नाही? अक्षमता. जेवण सोडलं? तेच. १९८२ मध्ये स्टीव्हन रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसशास्त्रज्ञांना तीव्र भीतीच्या त्रासाचं वर्णन वाचायला दिलं. वर्णन तेच, फक्त काहींना सांगितलं की या व्यक्तीची बुद्धिमत्ता कमी आहे. तेवढ्यावर, ही भीती म्हणजे एक मानसिक आजार आहे असं म्हणणाऱ्यांचं प्रमाण घटलं. याला ‘डायग्नॉस्टिक ओव्हरशॅडोइंग’ म्हणतात. परीक्षेत यावर दोन मार्कांची टीप येते आणि आपण ती पाठ करून जातो. कामावर तोच सापळा समोर येतो तेव्हा ओळखू येत नाही.

माझ्या पहिल्या नोकरीत, निवासी केंद्रात, चाळिशीतल्या एक ताई होत्या. डाउन सिंड्रोम. टॉवेलांच्या घड्या घालायचं काम त्यांच्याकडे असायचं. आधी उभी घडी, मग तिचे आडवे तीन भाग, आणि कडा जुळल्या नाहीत तर सगळं उलगडून पुन्हा. मध्ये कुणी हात घातला की हातावर चापट बसायची. मग घड्या वाकड्या यायला लागल्या. पुढे पुढे त्या टॉवेल मांडीवर घेऊन नुसत्या बसून राहायच्या, हाक मारली तर बऱ्याच वेळाने मान वळायची. नोंदवहीत शेरे पडत गेले: ‘कामाला नकार’, ‘हट्ट’, ‘सहकार्य नाही’. त्यातले काही माझ्या अक्षरात आहेत. मग कुणीतरी म्हणालं की डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश असणार, आणि ते आम्हा सगळ्यांना पटलं. पटण्यासारखंच होतं. डाउन सिंड्रोममध्ये २१ वं गुणसूत्र जास्तीचं असतं, अल्झायमरशी, म्हणजे डिमेन्शियाच्या एका प्रकाराशी संबंधित अमायलॉइड प्रथिनाचं जनुक त्याच गुणसूत्रावर आहे, त्यामुळे या लोकांना अल्झायमर इतरांपेक्षा खूप लवकर गाठतो. पण त्याच डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइड मंदावण्याचं प्रमाणही जास्त असतं आणि त्याची सुस्ती बाहेरून अगदी अशीच दिसते. नैराश्यही असंच दिसू शकतं. बदलीवर आलेल्या एका नर्सने त्यांचे सुजलेले डोळे आणि कोरडी पडलेली कातडी पाहिली आणि रक्त तपासायचा आग्रह धरला. थायरॉइडच निघाला. गोळ्या सुरू झाल्यावर काही महिन्यांनी टॉवेलांच्या कडा पुन्हा जुळायला लागल्या, आणि चापटाही बसायला लागल्या.

एवढं लांबण लावलं ते यासाठी की, वागण्यात बदल दिसला की कुठल्या क्रमाने विचार करायचा हे तुमच्या अंगवळणी पडावं. आधी शरीर. दात, कान, बद्धकोष्ठता, ॲसिडिटी, लघवीचा संसर्ग. बोलून सांगता न येणारा माणूस दुखणं कृतीतून सांगतो. गालावर मारून घेणं, ताट ढकलणं, झोपायला नकार, यातलं काहीही दातदुखीचं असू शकतं. मग औषधं. नवीन काय सुरू झालं, डोस कधी वाढला? सायकोसिसच्या (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याच्या आजाराच्या) काही औषधांनी आतून अशी अस्वस्थता येते की माणसाला एका जागी बसवत नाही. त्याला अकाथिसिया म्हणतात. बाहेरून ती चिडचिड वाटते, म्हणून त्याच औषधाचा डोस वाढवला जातो आणि अस्वस्थताही वाढते. हे ओळखायला डॉक्टर असावं लागत नाही. पण ‘डोस वाढल्यापासून येरझाऱ्या सुरू झाल्या’ हे तारखेसह डॉक्टरांपर्यंत पोचवणारं कुणीतरी हवं, आणि ते तुम्हीच असता, कारण दिवसभर सोबत तुम्ही असता.

त्यानंतर बघायचं ते माणसाने काय गमावलं. आई-वडील गेलेले कित्येकदा सांगितलेलं नसतं, ‘त्याला काय कळणार’ म्हणून. शीला हॉलिन्स आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने १९९७ मध्ये दाखवलं होतं की आई किंवा वडील गेलेल्या अशा लोकांमध्ये मानसिक त्रास वाढलेला असतो, आणि भोवतालचे लोक त्याचा संबंध त्या मृत्यूशी जोडतच नाहीत. आवडता कर्मचारी नोकरी सोडून गेला, खोली बदलली, शेजारचा सोबती दुसरीकडे हलवला, तरी दुःख होतंच. हे सगळं पाहून झाल्यावर मानसिक आजाराचा विचार करा, आणि तोही मनापासून करा. ‘यांना कसलं डिप्रेशन’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका.

यात आणखी एक अडचण आहे ती होकाराची. ‘दुखतंय का?’ ‘हो.’ ‘बरं वाटतंय का?’ ‘हो.’ कॅरोल सिगेलमन यांच्या संशोधनात १९८१ मध्येच हे स्पष्ट झालं होतं की बौद्धिक अक्षमता असलेले लोक हो-नाहीच्या प्रश्नाला हो म्हणण्याकडे झुकतात. जन्मभर मोठ्यांचं ऐकायची सवय लागलेली असते, प्रश्न पूर्ण कळलेला नसतो, किंवा समोरच्याला नाराज करायचं नसतं. म्हणून तोच प्रश्न उलटाही विचारा. दोन पर्याय दिलेत तर थोड्या वेळाने त्यांचा क्रम बदलून विचारा, कारण शेवटचा शब्द उचलून सांगणारेही असतात. चित्र दाखवा, शरीरावर बोट ठेवायला सांगा. याला वेळ लागतो. तो वेळ मागून घ्या.

नोंदी लिहायला पहिल्या दिवसापासून शिका, हे कुठल्याही थेरपीपेक्षा जास्त उपयोगी पडतं. ‘सकाळी आक्रमक झाला’ ही नोंद निरुपयोगी आहे. ‘९.१० ला टीव्हीचा आवाज वाढवला, त्याने दोन्ही कान झाकले, मी हात धरून उठवायला गेले, त्याने माझ्या खांद्यावर मारलं, आवाज कमी केल्यावर पाच मिनिटांत शांत’ ही नोंद वाचून पुढच्या पाळीचा माणूस काहीतरी करू शकतो. आधी काय घडलं, मग काय घडलं, नंतर काय झालं. तुमचा अंदाज लिहायचाच असेल तर वेगळ्या ओळीत, अंदाज म्हणून लिहा.

आता शॉर्टकट. शनिवार-रविवारात ‘बिहेवियर थेरपी सर्टिफिकेट’ देणाऱ्या वर्गांवर माझा अजिबात विश्वास नाही. तिथून लोक स्टिकरचे तक्ते घेऊन येतात आणि दाढदुखी असलेल्या माणसाला ‘शांत बसलास तर स्टार’ म्हणत राहतात. औषध हाही बऱ्याचदा शॉर्टकट म्हणूनच वापरला जातो. पीटर टायरर यांच्या गटाने २००८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या चाचणीत बौद्धिक अक्षमता असलेल्या ८६ आक्रमक वर्तनाच्या लोकांना रिस्पेरिडोन किंवा हॅलोपेरिडॉल ही सायकोसिसची औषधं, नाहीतर प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी, दिली होती. आक्रमकता तिन्ही गटांत कमी झाली, आणि सगळ्यात जास्त प्लासिबोच्या गटात. म्हणून काय औषध बंद करा असं नाही, तो निर्णय तुमचा नाहीच, स्वतःहून कधीही थांबवू नका. खरा सायकोसिस असेल तर औषध लागतंच. पण ‘गोळी वाढवा’ ही मागणी आपल्याकडून सहज जाते, तिथे थांबा.

मार्गदर्शक निवडताना माझं मत ठाम आहे: झटपट उत्तर देणाऱ्याच्या मागे जाऊ नका. केस ऐकता ऐकताच निदान सांगणारे खूप भेटतील, भाषणंही छान करतात. मला शिकवलं ते रात्रपाळीच्या एका मावशींनी. कोण कुठल्या कुशीवर झोपलं की काय बिनसलेलं असतं, हे त्यांना माहीत होतं. आधी अशा कुणाचा तरी हात धरा, मग पदवीवाल्यांकडे जा. दोघंही लागतात.

कोर्सबद्दल: आधी काही महिने सपोर्ट वर्कर किंवा स्वयंसेवक म्हणून काम करा, मगच शाखा निवडा. विशेष शिक्षण, ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच थेरपी, क्लिनिकल सायकॉलॉजी, सोशल वर्क, मानसोपचार नर्सिंग, हे रस्ते एकमेकांपासून खूप वेगळे आहेत आणि वर्गात बसून तो फरक कळत नाही. ज्या देशात काम करायचंय तिथे त्या पदासाठी कायद्याने नोंदणी लागते का आणि तुमचा कोर्स त्या नोंदणीला चालतो का, हे फी भरायच्या आधी लेखी विचारा. एवढं केलंत की बाकी फार चिंता करू नका, रस्ता नंतर बदलता येतो.

‘तुमच्यात केवढी सहनशीलता’ असं लोक म्हणतील. पुण्य मिळवायला या कामात येऊ नका. सेवाभाव म्हणून पगार कमी ठेवणाऱ्या जागा आहेत, तिथे माणसं टिकत नाहीत आणि त्याची किंमत तिथे राहणारे मोजतात. चाळीस वर्षांच्या माणसाला ‘आमचं बाळ’ म्हणणारी संस्थाही मला नको वाटते. त्यांना दादा म्हणा, ताई म्हणा, अहो-जाहो करा. तुम्हाला कधीतरी मार बसेल, चावा बसेल. घाबरून जाऊ नका, पण ‘चालायचंच’ म्हणून गिळूही नका. नोंद करा, दाखवून घ्या, आणि त्या दिवशी कुणाशी तरी बोला. मुलाखतीत हे नक्की विचारा: सुपरव्हिजन, म्हणजे आपल्या कामाबद्दल अनुभवी वरिष्ठाशी बोलायची ठरलेली वेळ, किती वेळा मिळतं, मारहाणीची घटना घडली तर नंतर काय होतं, आधीच्या माणसाने ही नोकरी का सोडली? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना समोरचे अवघडले तर दुसरी जागा बघा, जागा मिळतात.

आणि सोडताना निरोप देऊन निघा. गुपचूप जाऊ नका, ‘उद्या येते’ असं तर मुळीच सांगू नका. निदान पंधरा दिवस आधी सांगा, कॅलेंडरवर शेवटचा दिवस दोघांनी मिळून रंगवा, नवीन माणसाला काही पाळ्या तुमच्या सोबत घ्या. वरिष्ठ म्हणतील की सांगितलं तर ते बिथरतील. बिथरतील, थोडे दिवस. न सांगता गेलात तर ते महिनोन्‌महिने दाराकडे बघत बसतात आणि नोंदवहीत कुणीतरी ‘कामाला नकार’ लिहितं.