१८°५४′ म्हणजे १८.५४ नव्हे: अंश, मिनिटं आणि रेडियनच्या या चुका टाळा

चार्टवर, म्हणजे सागरी नकाशावर, १८°५४′ उत्तर वाचायचं आणि जीपीएसमध्ये १८.५४ भरायचं, ही चूक जुनीच. अंशाची मिनिटं साठ असतात, शंभर नव्हे. ५४ ला ६० ने भागलं की ०.९, म्हणून खरा आकडा १८.९. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जवळपास एक सागरी मैल, १८५२ मीटर. म्हणजे इथे चूक झाली २१.६ मैलांची, ४० किलोमीटरची. कुलाब्याऐवजी कोर्लईचा अक्षांश!

एवढं चुकलं तर निदान लक्षात तरी येतं. ५४.३० मिनिटं आणि ५४ मिनिटं ३० सेकंद यांची गल्लत मात्र खपून जाते. फरक ०.२ मिनिटाचा, पण पाण्यावर ३७० मीटर. खोल समुद्रात चालून जाईल. खाडीच्या तोंडाशी खडक असतील तिथे नाही. कोणाकडून पॉइंट घेताना आधी फॉरमॅट विचारा, मग आकडा.

सगळ्यात फसवा प्रकार रेडियनचा. हे कोन मोजायचं दुसरं एकक: १८० अंश म्हणजे पाय (π) रेडियन. स्प्रेडशीटमधले साइन-कोसाइन रेडियन मागतात. अंश दिले तरी बिनतक्रार उत्तर देतात. मुंबईजवळ रेखांशाचं एक मिनिट किती मैलांचं, हे काढायला १८.९ अंशांचा कोसाइन लागतो: ०.९४६. तेच १८.९ रेडियन म्हणून गेले तर उत्तर ०.९९९. शंका यावी असं त्यात काहीच नाही. १८.९ हा आकडा सहा पायच्या (६π), म्हणजे १८.८५ च्या, शेजारी पडतो, आणि तिथे कोसाइन बरोबर १ असतो, म्हणून हा योगायोग. पूर्व-पश्चिम अंतर मात्र साडेपाच टक्क्यांनी फुगतं. आधी पायने गुणून १८० ने भागा, आणि पाय स्प्रेडशीटचाच घ्या. अंशांचे रेडियन करताना ३.१४ आणि परत अंश करताना पूर्ण पाय वापरला, तर १८.९ अंशांत अर्ध्या मैलाहून जास्त गळतं.

कॅल्क्युलेटरवर भरवसा नसेल तर ३० चा साइन काढा. ०.५ आलं तर अंश, −०.९८८ आलं तर रेडियन, ०.४५४ आलं तर तो ग्रॅडवर (काटकोनाचे शंभर भाग) पडलाय.

राहिलं ऋण चिन्ह. दशांशात दक्षिण आणि पश्चिम उणे लिहितात. सिडनी ३३°५२′ दक्षिण. −३३ मध्ये ५२/६० मिळवले तर −३२.१३ येतं, हवं −३३.८७. १०४ मैलांचा घोळ. ब्रायटनचं ०°०८′ पश्चिम तर आणखी अवघड, कारण उणे शून्याचं चिन्ह बहुतेक सूत्रांत गळून पडतं आणि बोट ग्रीनिचच्या पूर्वेला जाते. बेरीज आधी, चिन्ह शेवटी.