ठाणे खाडीत होडी काढताना

इंजिन बघण्याआधी तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा अंदाजे तास निघतो: चतुर्थीला ३, अष्टमीला ६. हा हिशेब मुंबई बंदराचा. वाशी-ऐरोलीकडे पाणी थोडं उशिरा चढतं, त्यामुळे भरती-ओहोटीचा तक्ता जवळ हवाच.

भरतीच्या साधारण २ तास आधी निघा. चढत्या पाण्यात होडी गाळात रुतली तरी थोड्या वेळानं आपोआप सुटते. ओहोटीत रुतली तर पुढच्या भरतीपर्यंत मुक्काम तिथेच. उतरून ढकलायला जाऊ नका, त्या गाळातून पाय निघत नाही.

आउटबोर्ड इंजिनातून (होडीच्या मागे बाहेरून लावलेल्या) थंडाव्याच्या पाण्याची बारीक धार सतत पडली पाहिजे. ती मंदावली की इंजिन लगेच बंद करून वर उचला आणि पाणी खेचणारी जाळी साफ करा. प्लास्टिकची पिशवी असणारच, खाडी आपलीच!

उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, भरतीपासून ओहोटीपर्यंत पाणी ४ मीटरच्या आसपास उतरतं. धक्का तरंगता नसेल आणि दोर आखूड बांधला, तर होडी लटकते किंवा खुंटी उपटते. पुढून-मागून लांब, तिरके दोर सोडा. नांगरताना खोली भरतीची धरा, दोर तिच्या किमान ५ पट.